लोहचुंबक आणि निद्रा : एका चिकित्सेच्या वंशावळीची छाननी

१. एखाद्या घराण्याची वंशावळ तपासावयास घेतली म्हणजे संशोधकास बहुधा एकच अनुभव येतो. मूळपुरुष जितका दूरचा व नामांकित, तितक्या मधल्या पिढ्या संशयास्पद असतात. नांवाचें साम्य म्हणजेच रक्ताचें नातें असें समजून वंशावळी जुळविणारे भाट सर्व देशांत होऊन गेले आहेत. विद्यांच्या आणि चिकित्सांच्या वंशावळींतहि हाच प्रकार आढळतो. कवटी न उघडतां, शरीरास शस्त्र न लावतां, डोक्याजवळ तारेचें वेटोळें धरून चुंबकीय स्पंदांनीं मेंदूस उत्तेजित करण्याची जी रीत गेल्या चाळीस वर्षांत प्रचारांत आली, आणि जिचा प्रयोग पुढें निद्राविकारांवरहि होऊं लागला, तिची कुळकथा सांगतांना पुष्कळ लेखक व्हिएन्नाचा वैद्य फ्रान्त्स आंतोन मेस्मर यास मूळपुरुष ठरवून मोकळे होतात. मेस्मर चुंबकवाला, त्याच्या शिष्यांची ‘चुंबकीय निद्रा’ जगप्रसिद्ध, आणि नवी चिकित्साहि चुंबकाची व झोंपेकरितां; तेव्हां आजानातवाचें नातें उघडच आहे, असा हा युक्तिवाद असतो.

आमच्या मतें ही वंशावळ बनावट आहे. प्रस्तुत लेखांत तीन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली, या चिकित्सेचें रक्ताचें नातें मेस्मरशीं नसून मायकेल फॅरडेशीं आहे. दुसरी, मेस्मरचें नसलें तरी मेस्मरच्या परीक्षकांचें ऋण या चिकित्सेवर आहे, व तें अद्याप फिटलेलें नाहीं. तिसरी, निद्रानाशावरील गुणाचा जो दावा ही चिकित्सा करिते, तो याच जुन्या कसोटीनें पारखला पाहिजे. हा केवळ इतिहासाचा वाद नव्हे. रात्रीच्या रात्री जागून काढणारा रोगी ‘चुंबक’ या एका शब्दावर विश्वास टाकून पैसा व आशा खर्च करितो. त्या शब्दामागें प्रमाण कोणतें आहे, हें त्यास कळणें अवश्य आहे.

२. प्रथम शब्दाचा विचार करूं. अयस्कांत आपल्या वैद्यकास अपरिचित नाहीं. सुश्रुतसंहितेंत शरीरांत रुतलेलें शल्य बाहेर काढण्याचे जे उपाय दिले आहेत, त्यांत अयस्कांताचा समावेश आहे. परंतु तेथील उपयोग सर्वस्वीं यांत्रिक आहे : लोखंडाचा तुकडा ओढून काढणें, यापलीकडे चुंबकाकडे कांहीं मागितलेलें नाहीं. युरोपांत मात्र चुंबकाच्या अंगीं नाना अद्भुत गुण असल्याची समजूत फार काळ टिकली. इ. स. १६०० मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या ‘दे माग्नेते’ या लॅटिन ग्रंथांत विल्यम गिल्बर्ट यानें या समजुतींची झाडाझडती घेतली. लसूण चोळल्यानें चुंबकाची शक्ति नष्ट होते, ही शतकानुशतकें एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरलेली गोष्ट त्यानें प्रयोगानें खोटी ठरविली. गिल्बर्ट स्वतः वैद्य होता, पुढें एलिझाबेथ राणीच्या पदरीं राजवैद्य झाला. तरी चुंबकाच्या औषधी गुणांविषयीं त्यानें भोळा विश्वास ठेविला नाहीं. नकलेवरून नक्कल करण्यापेक्षां मूळ वस्तु हातीं घेऊन पाहावी, हा त्याचा धडा आम्हां कागदपत्रें तपासणारांसहि परका नाहीं.

३. आतां मेस्मरकडे वळूं. १७७४ सालीं व्हिएन्ना येथील जेसुइट ज्योतिषी माक्सिमिलिआन हेल यानें घडवून दिलेले लोखंडी चुंबक मेस्मरनें फ्रान्त्सिस्का ओस्टरलिन नांवाच्या रुग्णेवर वापरले, व तीस आराम पडला. येथपर्यंत चुंबक खरा होता. परंतु गुणाचें श्रेय चुंबकाचें कीं वैद्याचें, यावरून हेल व मेस्मर यांच्यांत तंटा लागला. आणि थोड्याच अवधींत मेस्मरनें चुंबक टाकून दिले. विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो वैद्याच्या हातांतून रोग्याच्या देहांत संचार करितो, असें तो सांगूं लागला, व या द्रवास त्यानें ‘प्राणिज चुंबकत्व’ असें नांव दिलें. म्हणजे ज्या काळीं मेस्मरची कीर्ति पॅरिसमध्यें शिगेस पोंचली, त्या काळीं त्याच्या उपचाराचा आधार लोहचुंबक उरलाच नव्हता. उरलें होतें तें नांव. लोकांच्या स्मरणांतून मात्र चुंबक गेला नाहीं. मोझार्टच्या १७९० सालच्या ‘कोझी फान तुत्ते’ या संगीतनाटकांत मोलकरीण वैद्याचें सोंग घेऊन दोघां ‘मरणोन्मुख’ प्रियकरांवरून भला मोठा चुंबक फिरवून त्यांस शुद्धीवर आणते. बखरकारांप्रमाणेंच नाटककारांनींहि दंतकथा पक्की करण्याचें काम केलें.

‘चुंबकीय निद्रा’ ही तर याहूनहि फसवी. १७८४ मध्यें मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेगूर यानें आपल्या ब्यूझान्सी येथील जहागिरीवर व्हिक्टर रास नांवाच्या तरुण कुळावर उपचार केला असतां तो झोंपल्यासारखा झाला, तरी बोलूं व वागूं लागला. या अवस्थेस कृत्रिम निद्राभ्रमण असें म्हणण्यांत आलें. तींत चुंबक नव्हता आणि खरी निद्राहि नव्हती. १८४३ सालीं मँचेस्टरचा शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यानें द्रवाची कल्पना टाकून या अवस्थेस ग्रीक निद्रावाचक शब्दावरून नवें नांव बनविलें. तेंच ‘हिप्नॉटिझम’, म्हणजे आपल्याकडील संमोहन. हिंदुस्थानाशीं या शाखेचा थेट संबंध आहे. जेम्स एस्डेल या कंपनीच्या शस्त्रवैद्यानें १८४५ पासून बंगाल्यांत हुगळी येथें रोग्यांस मेस्मरी रीतीनें निश्चेष्ट करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, व १८४६ मध्यें ‘मेस्मेरिझम इन इंडिया’ हें पुस्तक छापलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास त्याच्याकरितां एक स्वतंत्र रुग्णालयहि निघालें. १८४७ नंतर क्लोरोफॉर्मचा प्रसार झाला व ही रीत मागें पडली. हा सर्व इतिहास संमोहनाचा आहे, चुंबकाचा नव्हे.

४. मेस्मरच्या प्रकरणांतून पुढील विद्येस जें खरें वतन मिळालें, तें त्याच्या विरोधकांकडून मिळालें. १७८४ सालीं फ्रान्सचा राजा सोळावा लुई यानें नेमिलेल्या मंडळींत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉयसिए, ज्योतिषी बाय्यी व वैद्य गियोतँ हे होते. द्रव आहे कीं नाहीं, हा वाद शब्दांनीं मिटणारा नाहीं हें ओळखून त्यांनीं रोग्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याची युक्ति काढली. पासी येथील फ्रँकलिनच्या बागेंत एका झाडांत चुंबकत्व भरण्यांत आलें, आणि डोळे बांधलेल्या एका मुलास एकामागून एक झाडांपाशीं नेण्यांत आलें. मुलगा मूर्च्छित पडला, परंतु तो ज्या झाडाखालीं पडला त्यांत कांहीं भरलेलें नव्हतें. आपणांवर प्रयोग चालू आहे असें जेथें रोग्यास वाटे तेथें परिणाम दिसे; प्रयोग चालू असूनहि त्यास तें न कळल्यास परिणाम दिसत नसे. सबब परिणाम कल्पनाशक्तीचा, असा निकाल मंडळानें दिला. साक्षीदारांच्या जबान्या घेऊन केलेला हा महजर वैद्यकाच्या इतिहासांत अमोल आहे. पुढें खऱ्या उपचाराची आभासी उपचाराशीं तुलना करण्याची जी रीत रूढ झाली, तिचें आरंभींचें अस्सल पत्र हेंच.

त्याच सुमारास पॅरिसच्या राजकीय वैद्यकसभेचे सभासद आंद्री व तूरे यांनीं आबे ल नोब्ल याच्या खऱ्या लोखंडी चुंबकांचें परीक्षण केलें, आणि कांहीं मज्जाविकारांत त्यांचा उपयोग होतो असा अनुकूल अभिप्राय दिला. प्राणिज चुंबकत्वाच्या बाबतींत कडक ठरलेला काळ लोहचुंबकाच्या बाबतींत मऊ राहिला, कारण येथें डोळ्यांवर पट्टी बांधली गेली नाहीं.

५. स्थिर चुंबकाचा मेंदूवर कांहीं परिणाम होतो काय, या प्रश्नाचा चोख प्रयोग १८९२ सालीं अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत झाला. पीटरसन व केनेली यांनीं प्रबळ विद्युच्चुंबकाच्या क्षेत्रांत प्रथम कुत्रा व नंतर माणसें ठेवून पाहिलीं, आणि कांहींहि परिणाम आढळला नाहीं. याचें कारण साठ वर्षांपूर्वींच लिहून ठेविलेलें होतें. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं फॅरडेनें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मऊ लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. पहिल्यांत विद्युत्प्रवाह सोडतांच दुसऱ्याशीं जोडलेली सुई हलली व पुन्हां जागीं आली. प्रवाह तोडतांना पुन्हां हलली. प्रवाह एकसारखा चालू असतांना ती स्तब्ध राहिली. चुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं, तें बदललें पाहिजे. बदलत्या चुंबकत्वापासून जवळच्या वाहकांत विद्युत् उत्पन्न होते. ही नोंद असलेली फॅरडेची रोजनिशी १९३२ ते १९३६ या काळांत सात खंडांत छापली गेली. प्रस्तुत चिकित्सेचा मूळ कागद दाखवा असें कोणी विचारील, तर ही नोंद दाखवावी. मेंदू हाहि एक वाहकच होय.

६. हा धागा मेंदूपर्यंत नेणारांत पहिला पॅरिसचा आर्सेन दार्सोंव्हाल. १८९६ मध्यें त्यानें प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोठ्या वेटोळ्यांत डोकें घातलें असतां डोळ्यांपुढें प्रकाश चमकतो व घेरी येते, असें नमूद केलें. १९०२ मध्यें व्हिएन्नाच्या बेर्टोल्ड बेअर यानें हाच प्रकाश पुन्हां वर्णिला. त्यानें व आड्रियान पोलाचेक यानें डोक्यावर धरावयाच्या विद्युच्चुंबकी उपचारयंत्राची सनदहि मागितली. १९१० मध्यें लंडनच्या सिल्व्हेनस टॉम्सन यानें तोच प्रयोग रॉयल सोसायटीपुढें मांडला.

या टॉम्सनविषयीं येथें चार शब्द अधिक लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें, कारण तो आपल्याच पंथांतला होता. विद्युत् व चुंबकत्व यांवरील जुने ग्रंथ गोळा करण्याचा त्यास मोठा नाद होता. १८८९ मध्यें स्थापन झालेल्या गिल्बर्ट क्लबाचा तो आधारस्तंभ. ‘दे माग्नेते’ या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मुळाच्या छपाईबरहुकूम १९०० सालीं चिसविक प्रेसमध्यें छापण्यांत आलें तें मुख्यतः त्याच्या परिश्रमानें, आणि त्याच्या अवघ्या २५० प्रती काढल्या होत्या. १९१६ मध्यें तो वारल्यावर त्याचा ग्रंथसंग्रह लंडनच्या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें घेऊन जतन केला. १६०० सालचें पान व १९१० सालचें वेटोळें एकाच माणसाच्या हातीं एकत्र आलें. मूळपुरुष व वंशज यांना जोडणारी मधली पिढी हवी असेल तर ती येथें आहे, आणि ती कागदोपत्रीं सिद्ध आहे.

टॉम्सनच्या प्रयोगाचें पुढें काय झालें, हेंहि बोधप्रद आहे. वेटोळें गुणगुणतें, त्या आवाजावरूनच तर पाहणारास प्रकाशाचा भास होत नसेल ना, अशी शंका घेऊन १९११ मध्यें नाइट डनलॅप यानें अमेरिकेंत आवाजाची सूचना टाळून प्रयोग केला. प्रकाश तरीहि दिसला. त्याच वर्षीं मॅग्नसन व स्टीव्हन्स यांनींहि तो पडताळून पाहिला. १७८४ ची पट्टी येथें कानांवर बांधली गेली, आणि या खेपेस वस्तु खरी निघाली. मात्र अर्थ लावण्यांत एक घोटाळा राहिला होता. हा प्रकाश मेंदूंतून नव्हे तर डोळ्याच्या पडद्यांतून उत्पन्न होतो, असें १९४७ मध्यें बार्लो, कोन व वॉल्श यांनीं दाखविलें. मेंदू अद्याप दूरच होता.

७. मेंदूपर्यंत पोंचण्यास हळू फिरणारा प्रत्यावर्ती प्रवाह पुरेसा नव्हता. अत्यंत प्रबळ परंतु क्षणिक स्पंद हवा होता. १९६५ मध्यें बिकफर्ड व फ्रेमिंग यांनीं असल्या स्पंदानें हातापायांच्या मज्जातंतूंना चेतवून स्नायु हलविले. १९८० मध्यें मर्टन व मॉर्टन यांनीं कवटीवरून विजेचा झटका देऊन मेंदूचा स्नायुचालक भाग जागविला. परंतु झटका डोक्याच्या कातडींतून जात असल्यानें वेदना होत. शेवटीं १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर, रेझा जलिनूस व इयन फ्रीस्टन यांनीं हें कोडें सोडविलें. विद्युत्संचायकांत सांठविलेली वीज त्यांनीं वेटोळ्यांतून एका दमांत सोडली. त्याबरोबर विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायु आपोआप हलले, आणि वेदना जवळजवळ नव्हती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत त्याच वर्षीं हें वृत्त प्रसिद्ध झालें. हीच ‘ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन’ या नांवानें पुढें ओळखली गेलेली रीत.

हिच्यांत घडतें तें असें. वेटोळ्यांतून सेकंदाच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतक्या वेळांत हजारों अँपिअरांचा प्रवाह धांवतो. क्षणभर सुमारें दोन टेस्लांचें क्षेत्र निर्माण होतें, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें चाळीस हजार पट. कवटीचें हाड विजेस अडवितें, चुंबकत्वास अडवीत नाहीं. तें बदलतें क्षेत्र मेंदूच्या वरच्या थरांत, दोनतीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, वीज उत्पन्न करितें, आणि त्या विजेनें मज्जापेशी चेततात. पेशीस चुंबक जागवीत नाहीं, वीज जागविते. चुंबक केवळ तीस वेदनेवांचून आंत नेणारा जासूद होय. मेस्मरचा द्रव येथें कोठेंहि नाहीं.

८. निद्रेचा भाग निराळ्या वाटेनें आला. जर्मनींतील येना येथील हान्स बेर्गर यानें १९२४ सालीं माणसाच्या मेंदूचा विद्युदालेख प्रथम घेतला व १९२९ मध्यें प्रसिद्ध केला. १९३५ पासून अमेरिकेंत लूमिस, हार्व्ही व होबार्ट यांनीं त्यावरून झोंपेच्या पायऱ्या लाविल्या. १९५३ मध्यें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा ओळखली. गाढ झोंपेंत मेंदूवर मंद व उंच लाटा उठतात, व या लाटा जितक्या बळकट तितकी झोंप गाढ, हें यावरून ठरलें.

शेफील्डचें वेटोळें व बेर्गरचा आलेख एकत्र आल्यावर झोंपलेल्या मेंदूस प्रश्न विचारणें शक्य झालें. २००५ मध्यें मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ तोनोनी प्रभृतींनीं विस्कॉन्सिन येथें दाखविलें कीं, जागेपणीं दिलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनि मेंदूच्या एका भागांतून दुसऱ्यांत पसरत जातो. गाढ झोंपेंत तो जागच्या जागीं विरतो. २००७ मध्यें त्यांनींच झोंपलेल्या माणसांस दर सेकंदास एकाहून कमी या गतीनें स्पंद दिले, आणि योग्य जागीं दिलेल्या प्रत्येक स्पंदासरशी एकेक मंद लाट उठली. मेस्मरी मंडळींनीं अडीचशें वर्षांपूर्वीं निद्रेचा शब्द उसना घेतला होता. येथें निद्रेचें एक खरें लक्षण चुंबकीय स्पंदानें उत्पन्न झालें. परंतु निरोगी माणसाच्या मेंदूंत एक लाट उठविणें निराळें, आणि वर्षानुवर्षें न झोंपलेल्या रोग्यास झोंप लावणें निराळें.

९. चिकित्सेचा युक्तिवाद असा आहे. दीर्घकालीन निद्रानाशांत मेंदू रात्रींहि अति जागृत राहतो. सेकंदास एक या मंद गतीनें स्पंद दिल्यास त्या भागाची उत्तेजना कांहीं काळ ओसरते. म्हणून कपाळामागील किंवा माथ्याकडील उजव्या भागावर मंद स्पंदांचा क्रम द्यावा. १९९७ मध्यें चेन व त्याचे सहकारी यांनीं स्नायुचालक भागावर असा मंदावणारा परिणाम दाखविला होता. २०१३ मध्यें चीनमध्यें १२० रोग्यांचे तीन गट करून एकास चुंबकीय स्पंद, दुसऱ्यास औषध व तिसऱ्यास मानसोपचार देण्यांत आला, आणि पहिला गट सरस ठरला असें प्रसिद्ध झालें. परंतु या तुलनेंत आभासी वेटोळ्याचा गट नव्हता. २०१८ मध्यें चिंताविकार व निद्रानाश दोन्ही असलेल्या ३६ रोग्यांवर उजव्या माथ्याकडील भागीं मंद स्पंद दिले. येथें मात्र आभासी उपचाराशीं तुलना केली होती, व खऱ्या उपचाराच्या बाजूनें फरक पडला. पायांच्या अस्वस्थतेमुळें झोंप मोडणाऱ्या विकारावर २०१४ सालीं तुर्कस्तानांत झालेल्या लहान प्रयोगांतहि आभासी गट होता, व निकाल अनुकूल होता.

हीं प्रमाणें आशादायक आहेत, निर्णायक नाहींत. रोग्यांची संख्या लहान, स्पंदांची जागा व मात्रा प्रयोगागणिक निराळी, आणि गुण किती महिने टिकला याची नोंद अपुरी. सर्वांत मोठी अडचण पट्टीची आहे. वेटोळें प्रत्येक स्पंदास खट् असा आवाज करितें व डोक्याच्या कातडीवर टिचकी मारल्यासारखें लागतें. आभासी वेटोळ्यास हें सोंग हुबेहूब साधणें कठीण. आणि निद्रानाशाइतका आश्वासनास वश होणारा विकार क्वचित्. वैद्याच्या खुर्चींत रोज अर्धा तास स्वस्थ बसणें हेंहि कित्येकांस औषध होतें. पासीच्या बागेंतील मुलगा अशा प्रत्येक खुर्चीशेजारीं उभा आहे, असें समजून निकाल वाचावे.

अधिकृत संस्थांची चाल याच सावधपणाची दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें ऑक्टोबर २००८ मध्यें ही चिकित्सा औषधास दाद न देणाऱ्या विषण्णतेकरितां मान्य केली. २०१८ मध्यें अनिवार्य विचारांच्या विकाराकरितां व २०२० मध्यें धूम्रपान सोडण्याकरितां मान्यता मिळाली. या मान्यतांत निद्रानाश नव्हता. २०१६ मध्यें अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेनें दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून विचार व वर्तन सुधारणाऱ्या मानसोपचाराचीच शिफारस केली. शिवाय ही रीत शस्त्ररहित असली तरी निर्धोक नव्हे : क्वचित् अपस्माराचा झटका येतो, डोक्यांत धातूचा तुकडा किंवा यंत्र असल्यास ती वर्ज्य ठरते, आणि यास्तव सुरक्षेचे नियम १९९८ मध्यें प्रथम प्रसिद्ध होऊन २००९ मध्यें सुधारले गेले.

१०. येथवरच्या छाननीचा निष्कर्ष थोडक्यांत असा. गिल्बर्ट, फॅरडे, दार्सोंव्हाल, टॉम्सन, बार्कर ही या चिकित्सेची औरस परंपरा होय. मेस्मर, प्युइसेगूर, ब्रेड, एस्डेल ही संमोहनाची निराळी शाखा. दोहोंमध्यें नांवाखेरीज सामाईक कांहीं नाहीं. मात्र फ्रँकलिनप्रभृतींचा महजर दोन्ही घराण्यांस बंधनकारक आहे : संमोहनास त्यानें चुंबकत्वापासून वेगळें काढलें, आणि खऱ्या चुंबकचिकित्सेस तो अजून साक्ष मागत आहे.

ग्रंथसंग्राहकांस यावरून एक सूचना करावीशी वाटते. जुन्या संग्रहांच्या याद्यांत ‘मॅग्नेटिझम’ या एकाच सदराखालीं मेस्मरी पोथ्या व विद्युच्छास्त्राचे ग्रंथ शेजारीं शेजारीं नोंदलेले आढळतात. याद्या करतांना हीं दोन सदरें वेगळीं ठेवावीं, म्हणजे पुढील वाचकाची फसगत टळेल. तसेंच, नव्या चिकित्सेच्या यशाचीं छापील वृत्तें आपोआप टिकतील. ज्या प्रयोगांत आभासी वेटोळें व खरें वेटोळें सारखेंच ठरलें, त्यांचीं टिपणें मात्र कपाटांत पडून वाळवीच्या तोंडीं जाण्याचा संभव अधिक. तीं जपणें हें संग्राहकाचें कर्तव्य होय. हरलेल्या पक्षाचे कागद जळाले म्हणजे इतिहास एकतर्फी होतो, हें आपणांस निराळें सांगावयास नको. येथें तर त्या कागदांवर कोणाची तरी झोंप अवलंबून आहे.